धन्याच्या दप्तरात दडलेले चाकर

ब्रिटनमध्ये वंशशोध हा गेल्या काही दशकांत घरोघरी जोपासला जाणारा छंद झाला आहे. पूर्वजांत एखादा सरदार किंवा निदान आरमारातील अधिकारी निघावा, अशी सुप्त आशा बाळगून जुने कागद चाळू लागणाऱ्या मंडळींच्या हाती प्रत्यक्षात बहुधा लागते ती कुठल्या तरी हवेलीच्या मुदपाकखान्यात भांडी घासणारी पोर, तबेल्यातील मोतद्दार किंवा बागेतील माळी. त्यात नवल काहीच नाही. १८९१च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये घरकाम हा व्यवसाय म्हणून नोंदल्या गेलेल्या स्त्रियांची संख्या १३ लाख ८६ हजारांच्या घरात होती आणि त्यांपैकी एक लाखाहून अधिक मुली १० ते १५ वर्षे वयाच्या होत्या. घरच्या घरी आईला हातभार लावणाऱ्या काही मुलीही त्या वर्षी याच रकान्यात गेल्या, हे ध्यानात घेतले तरी आकडा मोठाच राहतो. यंत्रयुगाचे माहेरघर म्हणून गाजलेल्या त्या देशात स्त्रियांचा सर्वांत मोठा व्यवसाय परक्याच्या घरी राबणे हाच होता.

मराठी वाचकाला कुलवृत्तांत हा प्रकार परिचित आहे. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून कित्येक पिढ्यांची नावे एका बैठकीत निघतात, हेही अनेकांनी अनुभवलेले असते. इंग्लंडमधील चाकरवर्गाला असा कोणताच आधार नाही. जमीन नाही म्हणून खरेदीखत नाही, मालमत्ता नाही म्हणून बहुधा मृत्युपत्र नाही आणि धन्याच्या छपराखाली राहणाऱ्याला मताधिकार नव्हता म्हणून मतदारयादीतही नाव नाही. त्यातच तरुण चाकर दर एक-दोन वर्षांनी घर बदलत. म्हणूनच या शोधाचा पहिला नियम थोडा उफराटा वाटतो. चाकराचा माग चाकराच्या नावाने काढू नये. आधी हवेली शोधावी, मग हवेलीचा धनी, आणि मग त्या धन्याचे दप्तर आज कोठे आहे ते पाहावे. चाकराचे आयुष्य लिहून ठेवले गेले ते धन्याच्या खर्चाच्या बाजूला.

हवेलीपर्यंत नेणारी वाट बहुतेक वेळा जनगणनेतून जाते. ६ जून १८४१ रोजी झालेल्या गणनेत व्यक्तिगणिक नावे आहेत, पण तपशील तुटपुंजा आहे. कुटुंबप्रमुखाशी नाते दिलेले नाही, १५ वर्षांवरील व्यक्तींचे वय साधारणतः पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेले आहे आणि जन्मस्थळाविषयी फक्त ‘याच परगण्यातील की नाही’ एवढेच विचारलेले आहे. १८५१पासून मात्र वय, हुद्दा, वैवाहिक स्थिती आणि जन्माचे गाव अशी सगळी माहिती मिळू लागते. जन्मगाव कळले की त्या गावच्या चर्चची नोंदवही उघडता येते. अशा नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम १५३८चा असून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७पासून सुरू झाली. १९२१च्या गणनेत तर मालकाचे नावही विचारलेले आहे. ती जानेवारी २०२२मध्ये शंभर वर्षांची मुदत संपल्यावर खुली झाली. १९३१ची गणना १९४२च्या डिसेंबरमधील आगीत भस्मसात झाली, तर १९४१ साली युद्धामुळे गणनाच झाली नाही. त्यामुळे २९ सप्टेंबर १९३९ रोजी शिधापत्रे व ओळखपत्रे यांसाठी केलेली नोंदणी हाच या काळातील मोठा आधार उरतो. तीत जन्मतारीखही असते, ही मोलाची गोष्ट.

येथे नवखे शोधक एका ठिकाणी हमखास अडखळतात. १८५१पासून १९११पर्यंतच्या सगळ्या गणना मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाल्या. हा काळ उमराव कुटुंबांचा लंडनकडे प्रस्थान ठेवण्याचा होता. मग गावाकडील भव्य हवेलीत त्या रात्री सापडतात ती चार-दोन माणसे: हाउसकीपर, म्हणजे घरकारभारीण, एखाद-दुसरी मोलकरीण आणि राखण करणारा म्हातारा. बटलर, फुटमन, आचारी आणि मालकिणीची खास दासी हे सारे लंडनच्या मेफेअर किंवा बेल्ग्रेव्हिया भागातील घराच्या पत्त्यावर मोजले गेलेले असतात. हवेलीच्या नावापुढे पूर्वज दिसला नाही म्हणून घरची आठवण खोटी ठरत नाही. धन्याचे लंडनमधील घर आधी धुंडाळायला हवे.

दुसरी अडचण शब्दांची आहे. गणनेतील ‘हाउसकीपर’ ही खरोखरच पगारी कारभारीण असेल असे नाही. विधुर भावाचे घर सांभाळणारी बहीण किंवा बापाजवळ राहिलेली मुलगीही त्याच शब्दाने नोंदली जाई. ‘फार्म सर्व्हंट’ म्हणजे शेतावरचा सालदार. त्याचा हवेलीतील नोकरांशी संबंध नाही. शिवाय बहुसंख्य मोलकरणी हवेल्यांत नव्हत्याच. दुकानदार, कारकून, डॉक्टर यांच्या घरी एकटीच राबणारी, पहाटे चुलीतली राख काढण्यापासून रात्री दारे लावण्यापर्यंत सारे काही करणारी मोलकरीण हेच त्या व्यवसायाचे खरे सर्वसाधारण चित्र होते. ‘डाउन्टन ॲबी’सारख्या मालिकांनी २०१०नंतर तळघरातील नोकरांच्या दुनियेविषयी जगभर कुतूहल निर्माण केले हे खरे, पण त्यामुळे प्रत्येक पणजी ही कुठल्या तरी लॉर्डाच्या हवेलीतलीच असावी, असा समजही पसरला.

त्याहून मोठा घोळ नावांचा. नव्या फुटमनचे खरे नाव काहीही असो, घरात त्याला जॉन किंवा जेम्स म्हणायचे आणि मोलकरणीला मेरी, अशी चाल अनेक घरांत होती. माणूस बदलला तरी नाव तेच, म्हणजे घरच्यांना नवे नाव लक्षात ठेवण्याचा त्रास नको. वरिष्ठ दासीला नुसत्या आडनावाने हाक मारीत. हाउसकीपर कुमारिका असली तरी तिला मानाने ‘मिसेस’ म्हणण्याचा रिवाज होता. तिचा नसलेला नवरा शोधण्यात वंशजांचे महिने वाया गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. पत्रांतील आणि आठवणींतील नावे आणि चर्चच्या वहीतील नावे जुळली नाहीत, तर दोहोंपैकी चर्चची वही प्रमाण मानणे श्रेयस्कर.

जन्मगाव दूरच्या परगण्यातील निघाले तर त्याचेही कारण असे. घरातली बातमी गावात फुटू नये आणि गावातील तरुणांची दाराशी ये-जा होऊ नये, म्हणून अनेक कुटुंबे आतल्या कामासाठी मुद्दाम परगावची माणसे ठेवत. ही भरती वृत्तपत्रांतील जाहिराती, लंडनमधील नोकरभरती कचेऱ्या किंवा एखाद्या पाद्रीबाईच्या चिठ्ठीवर होई. नवी नोकरी मिळण्यासाठी जुन्या धन्याचे शिफारसपत्र अनिवार्य होते आणि खोटे शिफारसपत्र देणे हा १७९२च्या कायद्यान्वये गुन्हा ठरवण्यात आला होता. शिफारसपत्र देण्याचे बंधन मात्र धन्यावर नव्हते. ते नाकारले गेले, की पोट भरण्याचा मार्गच बंद होई. कुटुंबाच्या जुन्या पेटीत असे एखादे पत्र सापडले, तर त्यावरील पत्ता आणि तारीख हा अर्धा शोध समजावा. लखलखीत पितळी बटणही तितकेच उपयोगी पडते. गणवेशाच्या बटणावर धन्याच्या घराण्याचे चिन्ह असे, आणि ती चिन्हे ओळखण्याचे कोश छापलेले आहेत.

हवेली सापडली की दप्तराचा शोध सुरू होतो. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन सूचीत घराण्याचे किंवा इस्टेटीचे नाव दिले, की कागद कोणत्या परगण्याच्या अभिलेखागारात आहेत ते बहुधा कळते. विसाव्या शतकात वारसाकर, घसरलेले शेतीउत्पन्न आणि नोकरांची टंचाई यांमुळे इंग्लंडमधील हजाराहून अधिक हवेल्या जमीनदोस्त झाल्या. त्यांपैकी काहींचे दप्तर परगण्याच्या कचेरीत सुखरूप पोहोचले, काहींचे रद्दीत गेले. ज्या हवेल्या उभ्या आहेत, त्यांतील काहींनी आपले कागद स्वतःजवळच ठेवले आहेत. डर्बीशायरमधील चॅट्सवर्थ येथे अशा कागदांतून पूर्वीच्या नोकरांची नावे वेचून सूची तयार करण्यात आली आहे.

या दप्तरात सर्वांत महत्त्वाची ती वेतनवही. पगार वर्षाचा ठरे आणि तिमाहीला मिळे. नाव, हुद्दा, कामावर आल्याची आणि गेल्याची तारीख, चहा-साखर किंवा बिअरचा भत्ता, मोडलेल्या भांड्याची कपात अशा नोंदी तीत येतात. इसाबेला बीटन यांच्या १८६१ सालच्या गृहव्यवस्थेवरील प्रसिद्ध ग्रंथात बटलरचा वार्षिक पगार २५ ते ५० पौंड, तर भांडी घासणाऱ्या मुलीचा ५ ते ९ पौंड दिलेला आहे. त्यावरून वहीतील माणूस कोणत्या पायरीवर होता याचा अंदाज बांधता येतो. दर तिमाहीला पगार घेतल्याची सही घेतली जाई. लिहिता न येणारी माणसे फुली मारीत. कित्येक कुटुंबांच्या बाबतीत पणजीच्या पणजीच्या हातची जगात उरलेली एकमेव खूण म्हणजे अशा वहीच्या कडेला शाईने ओढलेली फुली आहे, आणि ती पाहण्यासाठी लोक शेकडो मैलांचा प्रवास करून येतात. वेतनवही नसेल तर रोजकीर्द आणि खतावणी पाहावी. डॉक्टरचे बिल, गणवेशाचे कापड, वृद्ध नोकराला दिलेले खोपटे, दफनाचा खर्च, असे तुकडे तेथे विखुरलेले असतात. धन्याचे मृत्युपत्रही वाचावे. ‘मृत्युसमयी सेवेत असलेल्या प्रत्येकाला वर्षाचा पगार’ अशा स्वरूपाची तरतूद त्यात वारंवार येते. १२ जानेवारी १८५८पासूनची मृत्युपत्रे एकाच सरकारी सूचीत मिळतात. त्याआधीची चर्चच्या न्यायालयांकडे वाटली गेलेली आहेत.

चाकरांची आठवण आवर्जून जपणारे घर म्हणजे वेल्समधील रेक्सम गावाजवळचे अर्डिग. १७९०च्या दशकात तेथील धनी फिलिप यॉर्क यांनी आपल्या नोकरांची तैलचित्रे काढवून घेतली आणि प्रत्येकाच्या स्वभावावर स्वतः रचलेल्या थट्टेखोर ओळी त्यांवर लिहवून घेतल्या. पुढील पिढ्यांनी ही रीत चालू ठेवली. १८५२ साली तर कॅमेऱ्याने नोकरांची छायाचित्रे घेतली गेली. त्यांत प्रत्येकाच्या हाती त्याच्या कामाचे हत्यार आहे. याच घरातील एलिझाबेथ रॅटक्लिफ या दासीने अठराव्या शतकात शिंपल्यांच्या व अभ्रकाच्या तुकड्यांनी सजवलेल्या अप्रतिम वास्तुप्रतिकृती घडवल्या, त्या आजही तेथे आहेत. शेवटच्या यॉर्क वारसाने १९७३ साली हे घर नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केले. अर्थात अर्डिग हा अपवाद होय. इतर शेकडो घरांत धन्याच्या घोड्यांची चित्रे भिंतीवर आहेत. मोतद्दार त्या चित्रात असला, तरी लगाम धरण्यापुरता आणि निनावी.

कागद नशिबाने जुळून आले तर किती भरीव चित्र उभे राहू शकते, याचे उदाहरण म्हणजे कादंबरीकार एच. जी. वेल्स यांचे घराणे. त्यांची आई सारा नील ही ससेक्स परगण्यातील अपपार्क येथे १८५०मध्ये दासी म्हणून लागली. वडील जोसेफ पुढच्याच वर्षी तेथे माळी म्हणून आले. १८५३मध्ये लग्न झाले, नोकऱ्या सुटल्या आणि ब्रॉमली येथील काचसामानाच्या दुकानात दोघे कर्जात रुतत गेले. १८८० साली साराबाई त्याच हवेलीत घरकारभारीण म्हणून परतल्या आणि १८९३मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांना नीट ऐकूही येत नव्हते. ज्या मालकिणीकडे त्या होत्या, तिची थोरली बहीण मुळात याच इस्टेटीवरील दुग्धशाळेत कामाला होती. सत्तरी ओलांडलेल्या सर हॅरी फेदरस्टनहॉ यांनी १८२५ साली तिच्याशी विवाह केला होता. तळघर आणि दिवाणखाना यांमधील अंतर असे क्वचित कधी ओलांडले जाई. हे सारे इतके तपशीलवार माहीत आहे ते मुख्यतः मुलगा जगप्रसिद्ध झाला आणि त्याने १९३४ साली आत्मचरित्र लिहिले म्हणून. त्याच तळघरात राहिलेल्या इतर बायकांचे माग अजून त्यांच्या वंशजांनाच काढावे लागत आहेत.

घराबाहेर काम करणाऱ्यांचा शोध तुलनेने सुकर असतो, कारण माळी, गेमकीपर आणि कोचमन यांना इस्टेटीवर स्वतंत्र घर मिळे आणि ते कुटुंबासह एका जागी टिकत. गेमकीपर म्हणजे धन्याच्या राखीव शिकारीची राखण करणारा माणूस. त्याची नेमणूक १७१०च्या कायद्यान्वये परगण्याच्या न्यायकचेरीत नोंदवावी लागे, त्यामुळे त्याचे नाव सरकारी कागदांतही सापडते. मुख्य माळ्यांच्या नेमणुका आणि मृत्युवार्ता १८४१पासून निघणाऱ्या ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या साप्ताहिकात येत. कॉर्नवॉलमधील हेलिगन येथे तर भिंतच कागद ठरली. १९९०मध्ये त्या ओसाड बागेचा पुन्हा शोध लागला, तेव्हा माळ्यांच्या शौचकूपाच्या भिंतीवर पेन्सिलीने केलेल्या त्यांच्या सह्या आणि ‘ऑगस्ट १९१४’ अशी तारीख आढळली. ही माणसे कोण, याचा माग युद्धस्मारके आणि लष्करी नोंदी यांतून काढण्यात आला. त्यांतील अनेक पहिल्या महायुद्धातून परतलेच नाहीत. सैनिकांची कागदपत्रेही धडपणे मिळतील याची खात्री नाही, कारण १९४०च्या बॉम्बहल्ल्यात त्यांचा बराच मोठा भाग जळाला.

अठराव्या शतकातील चाकरासाठी गरिबांच्या कायद्याचे कागद पाहावेत. अविवाहित माणसाने एखाद्या पॅरिशमध्ये सलग वर्षभर नोकरी केली, तर त्याला तेथे आधार मागण्याचा हक्क मिळे. आजारी किंवा गरोदर चाकर दाराशी आला, की ‘हा भार कोणत्या पॅरिशचा’ हे ठरवण्यासाठी त्याची जबानी घेतली जाई आणि त्यात जन्मापासूनच्या सगळ्या नोकऱ्या, धनी आणि पगार ओळीने येत. १८३४च्या कायद्याने नोकरीवरून मिळणारा हा हक्क रद्द केला, तेव्हा हा अमोल झराही आटला. पुरुष नोकर ठेवण्यावर १७७७ साली बसवलेला कर अमेरिकेतील युद्धाचा खर्च भागवण्यासाठी होता. त्याच्या इंग्लंडमधील याद्यांत मुख्यतः धन्यांची नावे आहेत, तर स्कॉटलंडच्या याद्यांत नोकरांचीही नावे बऱ्याच ठिकाणी सापडतात.

‘आमची खापरपणजी मोलकरीण होती आणि तिचे मूल खुद्द लॉर्डसाहेबांचे,’ ही दंतकथा इंग्लंडमध्ये इतक्या घरांत सांगितली जाते, की त्या सगळ्या लॉर्डसाहेबांना दुसरे काही काम उरले नसावे. कागद बहुतेक वेळा फुटमन, सैनिक किंवा गावातला सुतार यांच्याकडे बोट दाखवतात. दिवस गेलेल्या मोलकरणीची नोकरी मात्र जातच असे. थॉमस कोरम यांनी १७३९ साली स्थापन केलेल्या लंडनच्या अनाथगृहाकडे मूल सोपवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात आलेल्या अर्जदार मातांत घरकाम करणाऱ्या मुलींची संख्या मोठी होती. ते अर्ज आणि जबान्या आज लंडनच्या अभिलेखागारात आहेत. त्यांत धन्याचे नाव, पत्ता, मुलाच्या बापाशी ओळख कशी झाली, हे सगळे आहे. पूर्वजांविषयी एवढे नागवे सत्य वाचण्याची मनाची तयारी असावी लागते.

भारतीय चाकरांच्या बाबतीत नावाचाच प्रश्न उग्र रूप धारण करतो. कंपनी सरकारच्या काळापासून मायदेशी परतणारी साहेबमंडळी नोकरांना बरोबर नेत. त्यांच्या परतीच्या खर्चाची हमी म्हणून कंपनी जामीन घेत असे आणि ते कागद ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात शोधावे लागतात. व्हिक्टोरिया राणीच्या सेवेत १८८७ साली दाखल झालेल्या अब्दुल करीम यांच्यावर ग्रंथ आणि चित्रपट निघाले. मुंबई, कलकत्ता किंवा मद्रासच्या बंदरातून बोटीवर चढलेल्या आयांची मात्र दखल फार उशिरा घेतली गेली. रोझिना विश्राम यांचे १९८६चे पुस्तक या विषयावरील पायाभूत काम होय.

प्रवासात मुले सांभाळण्यासाठी नेलेल्या आयेला इंग्लंडला पोहोचल्यावर पुष्कळदा वाऱ्यावर सोडले जाई. अशा बायकांना परतीच्या बोटीवर दुसरे कुटुंब मिळेपर्यंत आसरा देणारे ‘आयाज होम’ लंडनमध्ये आधी ऑल्डगेट भागात होते; १९०० साली ते लंडन सिटी मिशनच्या देखरेखीखाली हॅकनीमधील २६, किंग एडवर्ड्स रोड येथे गेले. त्या घरावर जून २०२२मध्ये निळी स्मृतिपाटी बसवण्यात आली. ब्रिटनमध्ये येणाऱ्या बोटींच्या १८७८पासूनच्या आणि जाणाऱ्या बोटींच्या १८९०पासूनच्या प्रवासीयाद्या क्यू येथे असून ऑनलाइन पाहता येतात. त्यांत या बायका अनेकदा ‘अमुक मडमेची आया’ एवढ्याच शब्दांत येतात, आणि नाव दिलेच तर ‘मेरी आया’ असे एखादे. मुंबईतील किंवा गोव्यातील ज्या घरात पणजी ‘विलायतेला जाऊन आली’ अशी आठवण आहे, त्यांनी तिचे नाव यादीत शोधण्यात वेळ दवडू नये. साहेबाचे आडनाव, त्याचे खाते किंवा पलटण आणि अंदाजे साल एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून विचारून घ्यावे आणि त्या आडनावाचे कुटुंब असलेली बोट हुडकावी. मडम आणि मुले यांच्या खालच्याच ओळीत ती बहुधा असते.